बेवारस उष्णता

बुधवारी सकाळी आठ वाजता मेदिनी केळुसकरने पडदा सुरू केला, तेव्हा सतरा नंबरच्या ठोकळ्यात ब्याण्णव वॅट उष्णता जास्तीची दिसत होती.

ब्याण्णव वॅट म्हणजे पूर्वीचा एक पिवळा दिवा. त्या ठोकळ्यात आदल्या दुपारपासून रात्रभर बाराशे घनमीटर काँक्रीट ओतलं होतं आणि ते स्वतःच शेकडो किलोवॅट उष्णता ओकत होतं. त्यात एका दिव्याएवढी ऊब कुणाच्या खिजगणतीत नसते. तरी मेदिनी खुर्चीत पुढे सरकून बसली. कारण ती ऊब जिथून येत होती तिथे काँक्रीटच नव्हतं, मोकळी हवा होती.

उंबरघळचं धरण घाटाच्या पोटात बांधलं जात होतं आणि भिंत निम्म्याहून अधिक वर आली होती. अशी भिंत एकसंध ओतता येत नाही. सिमेंटमध्ये पाणी पडलं की ते तापतं. पातळ स्लॅबची उष्णता दोन दिवसांत हवेत निघून जाते, पण वीस मीटर जाडीच्या भिंतीच्या गाभ्यात ती वर्षानुवर्षं कोंडून राहते. बाहेरची कड निवून आखडते, आतला गाभा तापून फुगलेला असतो, आणि या ओढाताणीत भिंतीला तडा जातो. म्हणून भिंत ठोकळ्याठोकळ्यांनी भरतात, आणि प्रत्येक थरात नळ्यांची वेटोळी पुरून त्यांतून थंड पाणी फिरवतात. माणसाला ताप आला की कपाळावर घड्या ठेवतो तसंच, फक्त घड्या आतून.

पाणी किती सोडायचं, किती थंड, कोणत्या नळीत, हे पूर्वी कोष्टकं बघून ठरत असे. उंबरघळला ते काम एक यंत्रणा करी. तिचं कागदोपत्री नाव लांबलचक होतं. साइटवर सगळे तिला ‘वैद्य’ म्हणत. प्रत्येक नळीला केसाएवढी काचेची तार चिकटवलेली असे आणि ती वीतवीतभर अंतरावरचं तापमान वैद्याला कळवी. वैद्याच्या पोटात प्रत्येक ठोकळ्याची हुबेहूब प्रतिकृती होती. तिच्यावरून तो आधी अंदाज करी, मग तारेचं मोजमाप बघे, आणि दोन्हींत फरक पडला तर प्रतिकृती दुरुस्त करून घेई. ही शिकण्याची खोड हेच त्याचं वैशिष्ट्य होतं. एवढं करूनही ज्या उष्णतेचा उगम सापडत नसे ती तो पडद्याच्या कोपऱ्यात वेगळी दाखवी, लाल ठिपका देऊन. साइटवर तिला नाव पडलं होतं बेवारस उष्णता.

त्या दिवशीची बेवारस ऊब जोडकुंडीतली होती. ठोकळ्याच्या मधोमध एक छोटी खोली सोडलेली असते, अंथरूण पसरता येईल एवढी आणि उभं राहिल्यावर डोकं टेकेल एवढी. नळ्यांचे जोड तिथे एकत्र येतात. जोड तपासून झाले की वर फरशी टाकून ती बंद करतात आणि फरशीवर मीटरभर काँक्रीट चढतं. पुढे ठोकळा निवल्यावर नळ्यांतूनच सिमेंटचा राबडा सोडून ती पोकळी कायमची भरून टाकतात. मध्ये कुणी ती उघडत नाही.

वैद्याने आपल्या परीने उपाय सुरूही केला होता. कुंडीतून जाणाऱ्या नळीचं पाणी त्याने दीड अंशाने आणखी थंड केलं होतं. तो पाणी थोडा वेळ सोडी, थोडा वेळ थांबवी, काय फरक पडतो ते बघे, पुन्हा सोडी.

मेदिनीने प्रकल्पप्रमुख नेर्लेकरांना फोन लावला. नेर्लेकरांनीच तिला सात वर्षांपूर्वी कॉलेजातून उचलून या कामात आणलं होतं.

“तार कुठे वाकली असेल,” ते म्हणाले. “वाकलेली तार खोटी ऊब दाखवते, तुला माहीत आहे.”

“एकाच जागी नाहीये सर. थोडी सरकते.”

“हवा फिरत असेल आत. मेदिनी, शुक्रवारी त्याच्यावर पुढचा थर आहे. हा लाल ठिपका पुसल्याशिवाय मला परवानगी मिळायची नाही. संशयित म्हणून खूण कर आणि पुढे चल.”

मेदिनीला हे अगदीच चुकीचं वाटलं नाही. महिन्यातून दोनतीन तारा वाकत. तिने दहा वाजून पाच मिनिटांनी त्या तारेवर ‘संशयित’ अशी खूण केली. लाल ठिपका करडा झाला आणि दिवसाचं बाकीचं काम सुरू झालं.

गुरुवारी दुपारी रेवली आली.

रेवली पावरा भिंतीवर ओली पोती अंथरायच्या कामावर होती. तिचा नवरा दिलवर नळ्या जोडणाऱ्या टोळीत होता, म्हणजे मेदिनीच्याच हाताखाली. दोघं धडगावकडची. ती दारातच उभी राहिली. तिच्या भाषेत सगळ्यांना ‘तू’च म्हणत, त्यामुळे ती मेदिनीलाही तसंच बोले.

“ताई, दिलवर कुठं पाठवला तू?”

“मी कुठेच पाठवलेलं नाही. कामावर नाही का?”

“मंगळवारपासून नाही. मुकादम म्हणतो गावाला गेला असेल. गेटवाला म्हणतो मंगळवारी साडेतीनला बाहेर पडला, मशीनमध्ये दिसतंय.”

“मग गेला असेल, रेवलीताई.”

“त्याचा फोन खोलीत आहे. चार्जिंगला लावलेला. फोन सोडून कोण गावाला जातं?”

मेदिनीने खेमाला बोलावलं. खेमा त्या टोळीचा मुकादम, दिलवरच्याच गावचा, पन्नाशीतला माणूस. त्याने गेटच्या मशीनचं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “मशीन माणूस बघत नाही ताई, टोपी बघतं. टोपीत चिप आहे.”

“म्हणजे?”

“सतरा नंबरच्या काठावर त्याची टोपी पडली होती. मला वाटलं विसरून गेला. पाळी सुटताना मी माझ्याबरोबर नेऊन गेटवर टांगली.”

“दिलवर शेवटी काय करत होता?”

“जोड आवळत होता. टोपी घालून कुंडीत वाकता येत नाही, म्हणून काढून ठेवतो आम्ही.” खेमाचा आवाज खाली गेला. “फार उकडत होतं त्या दिवशी. तो म्हणाला आत गार लागतं, जरा पडतो. फरशी टाकणाऱ्यांनी आत बघितलं की नाही, ठाऊक नाही.”

रेवलीने खेमाकडे पाहिलं, मग मेदिनीकडे. मेदिनी तोवर पडद्याकडे वळली होती.

करड्या ठिपक्यावर बोट ठेवून तिने मंगळवार दुपारपासूनची नोंद उघडली आणि पहिल्यांदाच नीट वाचली. ऊब कुंडीतल्या नळीवर होती. मंगळवारी संध्याकाळी ती नळीच्या पूर्व टोकाला दिसली, सुमारे पाऊण मीटर लांबीची. दोन तासांनी पश्चिम टोकाला. मध्यरात्रीनंतर तिचे दोन तुकडे झाले होते, तळहाताएवढे, एकमेकांपासून खांद्याएवढ्या अंतरावर. पाणी सुरू झालं की ऊब नळीला येऊन चिकटे. पाणी थांबून नळी तापायला लागली की दूर होई. स्वस्थ बसलेला माणूस साधारण नव्वद वॅट उष्णता बाहेर टाकतो, हे कॉलेजच्या पहिल्या वर्षाला शिकवतात.

आणि ती ऊब अजून तिथे होती. आत्ता, गुरुवारी दुपारी पावणेतीनला, नळीच्या मध्यावर, पाऊण मीटर लांबीची.

नेर्लेकर पाच मिनिटांत आले. ऐकून त्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. “अठ्ठेचाळीस तास होत आले. हवा एवढी पुरते का?”

“कुंडी मोठी आहे. जेमतेम पुरेल. आणि वैद्य गार पाणी सोडतोय त्याला, परवापासून.”

“खात्री कर. मला भिंत फोडायचा हुकूम द्यायचाय.”

मेदिनीने त्या नळीची झडप स्वतःच्या ताब्यात घेतली. पाणी चार मिनिटं बंद केलं, मग सोडलं. दहा मिनिटं बंद केलं, सोडलं. पुन्हा चार मिनिटं. हे वेळापत्रक तिने मुद्दाम असं वेडंवाकडं ठेवलं होतं. पाणी बंद होताच पडद्यावरचा तांबूस पट्टा नळीपासून सुटला. पाणी सुटल्यावर अर्ध्या मिनिटात परत आला. तिन्ही वेळा.

चौथ्यांदा तिने पाणी बंद केलं तेव्हा पट्टा सुटला आणि नळीच्या टोकाशी दोन तळहात उमटले. क्षणभर राहिले आणि गेले.

रेवली मागे येऊन उभी होती. तिला पडदा समजावून सांगावा लागला नाही. “तोच आहे,” ती म्हणाली.

नेर्लेकर बाहेर धावले. त्यांनी वरिष्ठांना विचारलं नाही, परवानगीची वाट पाहिली नाही. सव्वातीनला ड्रिल सतरा नंबरवर चढलं होतं. मेदिनी खोलीत थांबली, कारण पाणी सांभाळायला कुणीतरी हवं होतं. तिने ते जितकं थंड होईल तितकं केलं. रेवली तिच्या शेजारी स्टुलावर बसून पट्ट्याकडे बघत होती, आणि मधूनच आपल्या बोलीत हळू आवाजात त्याच्याशी काहीतरी बोलत होती. ड्रिलचा हादरा खिडकीच्या काचेला जाणवत होता. पट्टा हलत नव्हता. नळीला चिकटून होता.

पावणेसहाला भोक आरपार गेलं. साडेसहाला फरशी उचलली गेली. मेदिनी आणि रेवली तोवर वर पोचल्या होत्या.

दिलवर नळीला टेकून बसलेला होता. अंगातला शर्ट काढून त्याने नळीला गुंडाळला होता आणि गाल त्याच्यावर ठेवला होता. साइटचे डॉक्टर दोरीने आत उतरले, त्याचा हात धरला, मान तपासली, आणि वर बघून त्यांनी नेर्लेकरांना नुसती मान हलवून दाखवली.

“किती वेळ झाला?” मेदिनीने विचारलं.

“बारा तास तरी. जास्तच. अंग ताठलंय.”

“असं होणार नाही डॉक्टर. तीन वाजता तो हलत होता.”

“बाई,” डॉक्टर म्हणाले, “हा माणूस पहाटेच गेलाय.”

रेवलीने मेदिनीकडे पाहिलं. ती रडत नव्हती. ती उत्तराची वाट बघत होती.

उत्तर शुक्रवारी सकाळी मिळालं, आणि ते शोधून काढलं मेदिनीनेच. काचेची तार बुधवारी दुपारी चार चाळीसला तुटली होती. एरवी तार तुटली की तिच्या खोलीत घंटा वाजे. पण ज्या तारेवर संशयिताची खूण आहे तिच्या तुटण्याची घंटा वैद्य वाजवत नसे. आधीच खोटी ठरवलेली तार, तिचं काय सांगायचं. आणि मोजमाप मिळेनासं झालं की ती रिकामी जागा तो आपल्या प्रतिकृतीवरून भरून काढी, त्याच रंगात, त्याच रेषेत.

पंचवीस तास त्याने दिलवरला पाहिलं होतं. तेवढ्यात तो शिकला होता की या कुंडीत नव्वद वॅटचं एक काहीतरी आहे. पाणी आलं की ते नळीला बिलगतं, थांबलं की दूर होतं, कधी लांब होतं, कधी त्याचे दोन लहान तुकडे होतात. गुरुवारी दुपारी मेदिनीने पाणी बंद केलं तेव्हा वैद्याने विचारल्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं: असं झालं तर तो काय करेल. दिलवर तेव्हा नव्हताच.

तुटलेलं टोक पोलिसांच्या पंचनाम्यात आलं. ते पिरगाळून तोडलेलं होतं, आणि दिलवरच्या बोटांच्या पेरांत काचेची कुसं सापडली.

खेमाने ते ऐकलं. मग म्हणाला, “त्याला ठाऊक होतं ना ताई, तार तुझ्या खोलीत जाते ते. आमच्या हातून चुकून तुटली की दोन मिनिटांत तुझा फोन यायचा. तू ओरडायचीस. तो तुला बोलावत होता.”

संध्याकाळी नेर्लेकर अहवालाचा मसुदा घेऊन आले. त्यात कामगाराचा निष्काळजीपणा होता आणि तारेतला अज्ञात बिघाड होता.

“तुझं नाव कुठेच नाही,” ते म्हणाले. “माझंही नाही. खूण केली नसती तरी तू बुधवारी भिंत फोडली असतीस का? ब्याण्णव वॅटसाठी?”

“बुधवारी सकाळी नसती फोडली,” मेदिनी म्हणाली. “पण चार चाळीसला घंटा वाजली असती सर. मी खेमाला फोन केला असता की कुंडीतली तार कुणी तोडली. बंद कुंडीतली तार.”

मेदिनीने दुसरा कागद घेतला आणि खूण केल्याची वेळ, कारण, दोघांचं फोनवरचं बोलणं, सगळं जसंच्या तसं लिहून खाली सही केली. तो कागद त्यांनी वाचला. फाडला नाही. पेन मागून घेतलं आणि तिच्या सहीखाली आपली सही केली. त्यानंतर ती त्यांच्याशी कामापलीकडे कधी बोलली नाही, त्यांनीही प्रयत्न केला नाही.

शनिवारी सकाळी दिलवरला गावी न्यायची गाडी आली. निघण्याआधी रेवली मेदिनीच्या खोलीत आली आणि सरळ पडद्यासमोर उभी राहिली.

पट्टा तिथेच होता. कुंडी उघडली, माणूस बाहेर काढला, हे वैद्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. मेदिनीचा दोन दिवस तिकडे हात गेला नव्हता.

“काय करतोय?” रेवलीने विचारलं.

“तो नाहीये, रेवलीताई. यंत्राची समजूत आहे ती.”

“ते कळलं मला. काय करतोय ते विचारते.”

मेदिनीने पडदा वाचला. “नळीला टेकून बसलाय. पाणी चालू आहे.”

“किती दिवस बसेल असा?”

“मी काही केलं नाही तर बसूनच राहील. त्याचं निवणं यंत्राने पाहिलेलं नाही. तार त्याच्या आधी तुटली.”

रेवलीने पडद्याला हात लावला नाही. हात पदरात गुंडाळून उभी राहिली. “आज बंद करू नको,” ती म्हणाली. “आम्ही वाटेत असू. घरी पोचून मातीत ठेवला की मी फोन करते. मग कर. तोवर पाणी सोड.”

तिचा फोन रविवारी दुपारी दोनला आला. “झालं ताई,” एवढंच बोलली.

मेदिनीने सतरा नंबरची नोंद उघडली. बेवारस उष्णतेची खूण पुसायची तर वैद्य तिचा उगम विचारतो. यादीतून निवडायचा असतो: सिमेंट, ऊन, पंप, तारेचा दोष. यादीत नसलेला असेल तर लिहायची सोय होती. तिने लिहिलं, माणूस. सुरुवात, मंगळवार दुपारी तीन. शेवट म्हणून डॉक्टरांनी दिलेली गुरुवारची पहाटेची वेळ घातली आणि बटण दाबलं.

वैद्याने सतरा नंबरच्या थराचं गणित पहिल्यापासून पुन्हा सोडवायला घेतलं. पडद्यावर तास पुढे सरकू लागले. पट्टा आला, फिरला, लांब झाला, दोन तळहात झाला. गुरुवारच्या पहाटेशी तो नळीला चिकटलेलाच फिकट होत गेला आणि काँक्रीटच्या रंगात मिसळला. कोपऱ्यातला आकडा शून्यावर आला. तिने पाणी बंद केलं.

ती उठणार, तेवढ्यात हिशेब किती झाला ते दाखवणारी पडद्यावरची पट्टी पुन्हा भरायला लागली. वैद्य थांबला नव्हता. उगमांच्या यादीत नवं नाव आलं होतं, आणि नवं काही शिकला की तो जुन्या नोंदी त्या नजरेने पुन्हा चाळून घेत असे. तशी त्याची रचनाच होती. पाच वर्षांच्या नोंदी होत्या, भरून झालेले सगळे ठोकळे. तो ते एकेक करून तपासत गेला. मेदिनी उभ्याउभ्या बघत राहिली. साडेतीनच्या सुमारास तो थांबला.

पडद्यावर एकच ओळ होती. ठोकळा नऊ, जोडकुंडी. दोन वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. नोंदलेला उगम: पंप. सुधारित उगम: माणूस. अकरा तास वीस मिनिटं.

नऊ नंबरची कुंडी वर्षापूर्वीच राबड्याने भरून झाली होती. तिच्यावर आता चाळीस मीटर भिंत होती.

मेदिनीने खेमाला बोलावून घेतलं, दार लावलं आणि त्याला बसायला सांगितलं. नऊ नंबर भरला तेव्हा नळ्यांवर कोण कोण होतं ते तिने विचारलं. खेमाने बोटांवर सहा नावं मोजली. सातव्या बोटाशी तो अडला.

“एक होता,” तो म्हणाला. “नवीनच आला होता, आठपंधरा दिवस झाले होते. नंतर दिसला नाही. आम्हाला वाटलं काम झेपलं नसेल.”

“कुणी शोधलं नाही?”

“त्याचं विचारायला कुणी आलंच नाही, ताई.”

मेदिनीने कागद पुढे ओढला. “नाव सांग त्याचं. आठवेल तेवढं सांग, गावही सांग. सावकाश. मी लिहून घेते.”